शिवेवरचा माग

गावात चोरी झाली की जागल्या, म्हणजे गावचा राखणदार, पहाटेच बाहेर पडायचा. धुळीत उमटलेल्या पावलाचं माप काठीवर घ्यायचा आणि माग काढत आपल्या शिवेपर्यंत जायचा. पुढे त्याचा अधिकार चालत नसे, पण काम थांबत नसे. शेजारच्या गावचा जागल्या येई आणि तिथून माग पुढे नेई. ज्या गावाच्या हद्दीत माग विरला, त्या गावाने गेलेल्या मालाची भरपाई द्यायची, असा रिवाज होता. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात त्याची नोंद केली आहे. दहशतवादाच्या तपासात निरनिराळ्या यंत्रणांनी हातात हात घालून काम करावं असं आपण म्हणतो, त्याचं कूळ मला या शिवेवर सापडतं.

खानदेशात हे काम पुष्कळ गावांत भिल्लांकडे होतं. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत त्यांचे हक्क बुडाले आणि गावचे राखणदारच डोंगरात गेले. इंग्रजांनी आधी फौजा पाठवल्या. त्यांनी भागेना, तेव्हा 1825 साली ऑट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावात भिल्लांचीच पलटण उभी केली. मुलूख ज्याला ठाऊक, त्याच्यावाचून बंदोबस्त होत नाही, हे सरकारला उशिरा उमगलं.

आज धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या पुढे पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश लागतो. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 48 व्या कलमात पोलिसाला आरोपीचा देशभर कुठेही पाठलाग करण्याची मुभा होती. म्हणजे शीव कायद्याने मोकळी होती. माहितीची शीव मोकळी व्हायला मात्र फार वेळ लागला. कारगिलनंतर, 2001 साली, गुप्तवार्ता विभागात सर्व यंत्रणांची माहिती एकत्र आणणारं मल्टि एजन्सी सेंटर निघालं. 2004 साली राज्याचं दहशतवादविरोधी पथक (एटीएस) आलं, आणि मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्यानंतर 2008 च्या शेवटच्या दिवशी राष्ट्रीय तपास यंत्रणेचा (एनआयए) कायदा अमलात आला.

या साखळीची सगळ्यात कठीण परीक्षा धुळ्याच्या शेजारी झाली. मालेगाव 1869 पर्यंत खानदेशातच होतं. तिथल्या 8 सप्टेंबर 2006 च्या स्फोटांचा तपास एटीएसकडून सीबीआयकडे आणि तिथून एनआयएकडे गेला. पहिल्या तपासात पकडलेल्या नऊ मुसलमान तरुणांविरुद्ध पुरावा नाही, असं एनआयएनेच सांगितलं. 2016 साली न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. तोवर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. स्फोटात माणसं गमावलेल्या घरांच्या पदरातही न्याय पडला नव्हता. माग एका हातातून दुसऱ्या हातात गेला, पण पहिलं मापच चुकलेलं असेल तर पुढच्याने ते पुन्हा घेतलं पाहिजे. सहकार्य म्हणजे मागच्याच्या कागदावर मान डोलावणं नव्हे.

जुन्या रिवाजात माग विरला तर किंमत कोणी मोजायची हे ठरलेलं होतं. आज तपास चुकला तर ते ठरलेलं नाही. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाईचा कायदेशीर हक्क द्यावा, अशी शिफारस विधी आयोगाने 2018 साली 277 व्या अहवालात केली आहे. तो कायदा सरकारने आता करावा.