आपल्या लोकांच्या डोक्यात ‘फुगे’ खरंच कमी असतात का?

मागच्या भागानंतर सातपाटीहून एका ताईची व्हॉइस नोट आली. वडील मच्छीमार. दर्यावरून परतले, दुसऱ्या दिवशी ब्रेन हॅमरेज झालं आणि गेले. यंदा मोठ्या बहिणीचं डोकं सारखं दुखायचं म्हणून एमआरआय काढला, तर मेंदूच्या रक्तवाहिनीला आलेला फुगा सापडला. डॉक्टरी भाषेत अ‍ॅन्युरिझम. फुटलेला नाहीये. ताई विचारते, “हे आमच्या घराण्यातच आहे का? मलाही असेल का? जीनची काही टेस्ट असते का?”

मी डॉक्टर नाही, इतिहासात रमणारा माणूस. पण या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात आपण जवळजवळ नाहीच आहोत.

आधी फुगा म्हणजे काय ते बघू. रक्तवाहिनीची भिंत एखाद्या ठिकाणी, बहुतेकदा फाटा फुटतो तिथे, कमकुवत होते आणि रक्ताच्या दाबाने बाहेर फुगते. सायकलच्या जुन्या ट्यूबला फोड येतो ना, तसं. जगभरच्या अभ्यासांनुसार साधारण 3 टक्के प्रौढांमध्ये असा फुगा असतो. बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही आणि त्यांना कधी कळतही नाही. फुटला तर मात्र खेळ काही मिनिटांचा.

कळण्याची सोयच मुळात नवी. पोर्तुगालच्या एगास मोनिझने 1927 मध्ये मानेतल्या रक्तवाहिनीत रंगद्रव्य सोडून मेंदूच्या नसांचा एक्सरे काढला. त्याआधी फुगा दिसायचा तो शवविच्छेदनात, किंवा कवटी उघडल्यावर. 1937 मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडीने फुग्याच्या मानेला चांदीची क्लिप लावली. आपल्याकडे मद्रासमध्ये डॉ. बी. राममूर्तींनी 1950 मध्ये न्यूरोसर्जरी सुरू केली, मुंबईत केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर यांनी हा विभाग उभा केला.

आता गंमत ऐका. 1969 मध्ये, म्हणजे आपल्या शेजारी तारापूरची अणुभट्टी सुरू झाली त्याच वर्षी, राममूर्तींनी एक निबंध छापला. विषय: भारतात मेंदूतल्या फुग्यांचं प्रमाण किती? देशातल्या केंद्रांची आकडेवारी पाहिली तर पाश्चात्त्य देशांपेक्षा ते बरंच कमी दिसत होतं. मग काय, ‘भारतीयांना हा आजार फारसा होत नाही’ ही समजूत बरीच वर्षं टिकली.

राममूर्तींना मी दोष देणार नाही. हातात होतं तेच त्यांनी मोजलं. पण हॉस्पिटलचा आकडा म्हणजे हॉस्पिटलपर्यंत पोचलेल्यांचा आकडा. त्या काळी अँजिओग्राफी म्हणजे थेट मानेत सुई, तीही मोजक्याच ठिकाणी. सातपाटीतला माणूस पहाटे “डोकं फुटतंय” म्हणून कोसळला, तर त्याला पालघरला न्यायचं कशातून? मुंबई तर लांबच. घरचे म्हणायचे, झटका आला. कागदावर लागलंच तर ‘हार्ट फेल’. असा माणूस कुठल्याच निबंधात येत नाही. सीटी स्कॅन 1971 मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरला गेला, आणि आपल्या जिल्ह्यांपर्यंत यायला त्याने किती वर्षं घेतली ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

बरं, जीनचं काय? 2008 मध्ये फिनलंड, नेदरलँड्स आणि जपानच्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, आणि गुणसूत्रांवरच्या काही जागा सापडल्या. 2020 मध्ये त्याहून मोठा: 10,754 रुग्ण, 3 लाखांहून जास्त निरोगी माणसं, आणि धोक्याशी जोडलेल्या 17 जागा. त्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली: या आजाराची आनुवंशिकता ब्लडप्रेशर आणि धूम्रपान यांच्या आनुवंशिकतेशी गुंतलेली आहे. पण सगळे रुग्ण युरोपीय किंवा पूर्व आशियाई वंशाचे. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या संशोधकांनी केरळच्या रुग्णांमध्ये काही जीन तपासले, पण ते लहान गटांवर.

हीच गोष्ट फुटण्याच्या धोक्याची. 2014 मध्ये ‘फेझेस’ नावाचं गुणपत्रक आलं. फुग्याची साइज, जागा, वय, ब्लडप्रेशर, आधीचा रक्तस्राव याला गुण. आणि एक रकाना लोकसंख्येचा: फिनिश असाल तर 5, जपानी 3, बाकी युरोप-अमेरिका 0. भारतीय? रकानाच नाही! ज्या 6 अभ्यासांवरून ते बनलं, त्यात आपण नव्हतो. मला यात कट वगैरे दिसत नाही, पण राग येतो. 1969 मध्ये आपण मोजणीतून सुटलो आणि 2014 मध्येही सुटलोच.

तर ताई, तुझ्या प्रश्नाकडे. तुझ्यासाठी निकाल देईल अशी जीन टेस्ट आज नाही. कारण एकच एक जीन दोषी नाही, अनेक जागा थोडा थोडा भार टाकतात. काही दुर्मिळ आजार वेगळे. घरात कुणाच्या किडनीत खूप गाठी, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांग. पण घरातल्या दोन किंवा जास्त माणसांना फुगा किंवा असा रक्तस्राव झाला असेल, तर बाकीच्यांना तपासणी द्यावी, असं अमेरिकेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बहिणीचं पक्कं आहे. वडिलांचं हॅमरेज फुग्यामुळे होतं की निव्वळ ब्लडप्रेशरमुळे, हे जुन्या सीटीच्या फिल्मवरून डॉक्टर कदाचित सांगू शकतील. माळ्यावर असेल, शोध. तपासणी असते एमआर अँजिओग्राफी. त्यात एक्सरेचे किरण नसतात, आणि बऱ्याचदा सुईही लागत नाही.

भावालाही ने. बिडी सोडायला लाव, ब्लडप्रेशर मोजायला लाव. आणि बोटीवरच्या सगळ्यांना सांगून ठेव: आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं एका क्षणात दुखायला लागलं, तर गोळी घेऊन झोपायचं नाही, वायरलेसवर कळवायचं आणि बोट वळवायची.

फिल्म सापडली की व्हॉइस नोट टाक.