पायाळू यंत्र आणि हलशीची माती

पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, अशी आपल्याकडे जुनी समजूत. जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. पाठीत उसण भरली की त्याची लाथ खायची, पावसात वीज कडाडली की त्याच्यापासून लांब राहायचं, आणि कुठे हंडा पुरलेला आहे असा संशय असेल तर डोळ्यांत अंजन घालून त्याला पुढे करायचं. आता हे शेवटचं काम यंत्र करतं. मेटल डिटेक्टर त्याचं नाव. 'धातुशोधक' म्हटलं की सरकारी निविदेतला शब्द वाटतो, म्हणून मी आपला त्याला पायाळू यंत्र म्हणतो.

यंत्राची जन्मकथा मजेशीर आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती अंगात नेमकी कुठे अडकली आहे हे शोधायला टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं घाईघाईनं एक यंत्र तयार केलं. गोळी काही सापडली नाही आणि गारफील्डही वाचले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानं सैनिकाला हातात धरून चालता येईल असं सुरुंग शोधायचं यंत्र बनवलं. युद्ध संपल्यावर ही विद्या हौशी लोकांच्या हाती आली. तत्त्व साधं आहे. तारेच्या वेटोळ्यातून वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू आला की त्या धातूत बारीक प्रवाह फिरू लागतात, ते उलट वेटोळ्याला जाणवतात आणि कानात 'पीं' वाजतं. बस्स.

आमच्या गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर कानाला हेडफोन लावलेला असा एखादा गोरा म्हातारा कधीमधी दिसतो. पाण्यात बोटं गारठून आक्रसतात, अंगठी सुटते, आणि जड असल्यामुळे वाळूत खाली खाली जाते. पावसाळ्यात समुद्र किनारा कापून नेतो तेव्हा अशा वस्तू पुन्हा वर येतात, म्हणून या लोकांचा हंगाम पावसानंतरचा. गंमत अशी की सोन्याची नाजूक अंगठी आणि बिअरच्या डब्याची टिकली या यंत्राला जवळजवळ सारख्याच ऐकू येतात. त्यामुळे दिवसभर वाकून टिकल्याच गोळा होतात, किनारा तेवढा साफ होतो! या छंदाला माझी काही हरकत नाही.

पण हा विषय निघाला की मला समुद्र आठवत नाही, घाटापलीकडचा मुलूख आठवतो. बेळगाव म्हणजे आम्हा गोवेकरांना बाजारहाट, कुंदा आणि दवाखाने. आमच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा मात्र तिथल्याच मातीतून वर आलेला आहे, आणि तो धातूवर कोरलेला आहे.

खानापूर तालुक्यातलं हलशी हे गाव. जुनं नाव पलाशिका. आज शांत, झाडीतलं, देवळांचं गाव. गावाबाहेर नंदगडच्या वाटेवर चक्रतीर्थ नावाची लहानशी विहीर आहे. तिच्याजवळच्या उंचवट्यात १८६० च्या सुमारास सात ताम्रपट मिळाले. पुढे जॉन फेथफुल फ्लीट या मुलकी अधिकाऱ्यानं, ज्याला शिलालेख वाचायचं वेडच होतं, ते वाचून छापले. बनवासीच्या आद्य कदंबांची वंशावळ जुळवताना हे पत्रे मोलाचे ठरले. त्यातला एक काकुस्थवर्म्याचा आहे. तो सांगतो की श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीनं आपल्याला संकटातून वाचवलं, म्हणून त्याला ही जमीन. पाचव्या शतकातली ही कृतज्ञता! दुसऱ्यात मृगेशवर्मा पलाशिकेत जिनालय बांधल्याचं सांगतो. पुढे सातशे वर्षांनी गोव्याच्या कदंबांची हीच हलशी दुसरी राजधानी होती. तिथल्या नरसिंहाच्या देवळात शिवचित्त पेर्माडी आणि त्याचा भाऊ विष्णुचित्त विजयादित्य यांचा लेख आहे. आपले जॉर्ज मोराइश यांनी १९३१ साली 'द कदंब कुल' लिहिलं ते अशाच पत्र्यांच्या, दगडांच्या आणि नाण्यांच्या जोरावर.

आता कल्पना करा, त्या उंचवट्यावर फ्लीटच्या आधी एखादा हौशी पायाळू यंत्र घेऊन पोचला असता. यंत्राला तांबं कळतं. ते तांबं ताम्रपटाचं की फुटक्या घागरीचं हे त्याला कळत नाही. ते उकरणाऱ्यालाही कळेलच असं नाही, कारण त्या लिपीतलं एक अक्षरही त्याच्या ओळखीचं नसतं. भंगारवाल्यानं मात्र तांबं बरोबर ओळखलं असतं.

ताम्रपटाचं तरी बरं, सोन्याची गत त्याहून वाईट. गोव्याच्या कदंबांची सोन्याची नाणी फार देखणी. एका बाजूला त्यांचा सिंह, दुसऱ्या बाजूला सप्तकोटीश्वराच्या कृपेनं वर मिळालेल्या राजाचं नाव. (हा तोच आमचा सप्तकोटीश्वर, ज्याचं मूळ देऊळ दिवाडीवर पोर्तुगीजांनी मोडलं आणि ज्याच्या नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला.) असं नाणं नांगराला लागलं की शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात, कचेरी किंवा सोनार. सोनार जवळ असतो, प्रश्न विचारत नाही आणि रोख देतो. मुशीत एकदा सिंह वितळला की उरतात ते फक्त ग्रॅम. अशी किती नाणी गेली हे कोणी मोजलेलं नाही, मोजणारही कसं?

कायद्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जमिनीतल्या धनावर हक्क कोणाचा हा प्रश्न आपल्याकडे फार जुना. मराठेशाहीतल्या इनामाच्या सनदा पाहा. जमीन देताना जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण यांच्या जोडीला 'निधी, निक्षेप'ही दिलेले असतात. म्हणजे त्या जमिनीत उद्या पुरलेलं काही सापडलं तर तेही इनामदाराचं. विजयनगरच्या दानपत्रांतही हे निधी-निक्षेप येतात. इंग्रजांनी १८७८ साली निधीचा कायदा केला. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत लपवलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, काय सापडलं, कुठे, कधी ते लिहून द्यायचं. मूळ मालक पुढे आला नाही आणि सापडवणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक हिस्सा जमीनमालकाला. दडवलं तर वर्षापर्यंत कैद. कागदावर हे उदारच आहे. पण सरकारला ती वस्तू हवी असेल तर मोबदला कसा? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग. म्हणजे पेर्माडीचं नाणं असो की कालची वेढणी, हिशेब वजनाचाच. कायदा करणाऱ्यानंही सोनाराचाच तराजू वापरला, असं मला नेहमी वाटत आलं आहे. सीमेच्या पलीकडे कर्नाटकाचा (तेव्हाच्या म्हैसूर राज्याचा) १९६२ चा स्वतंत्र निधी कायदा आहे. निपाणीचा शेतकरी त्याखाली येतो, आणि चार-पाच मैलांवर कागल तालुक्यातला त्याचा पाहुणा १८७८ च्या कायद्याखाली. माती एकच, नदी एकच.

याच निपाणीजवळ मला हे यंत्र प्रत्यक्ष चालताना पाहायला मिळालं. माझ्या मित्राचा भाचा आखातात नोकरीला होता, तिकडून येताना त्यानं ते आणलं. मार्चअखेर, तंबाखू निघून रान मोकळं झालेलं. स्वतःचंच शेत, त्यामुळे कोणाची परवानगी काढायचा प्रश्न नव्हता. सोबत त्याचे आजोबा, खांद्यावर टॉवेल टाकलेले, आणि आम्ही दोघे.

पहिला तास यंत्र नुसतं बोंबलत होतं. याचं कारण माती. निपाणीकडची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, तिच्यात लोहाचे चुंबकीय कण भरपूर. बेळगाव-खानापूरकडे गेलात तर तांबडा जांभा, तो तर लोखंडाचाच भाऊ. विलायतेच्या मातीसाठी बनवलेलं यंत्र इथे गोंधळणारच. जमिनीचा आवाज आधी यंत्राला 'शिकवावा' लागतो, मग तो वजा जाऊन धातूचा आवाज उरतो. भाच्यानं ते केलं तेव्हा कुठे कामाचं काही ऐकू येऊ लागलं.

"काय घावलं रं?" आबांनी विचारलं.

"पत्री हाय, आबा."

बैलाच्या खुराला ठोकायची पत्री. मग आणखी एक. मग खिळे, विळ्याचं मोडकं टोक, कीटकनाशकाच्या बाटलीचं बूच, मोटेच्या काळातली एक कडी. आबा प्रत्येक वस्तू हातात घेऊन पुसत होते आणि सांगत होते की ही अमक्या बैलाच्या वेळची असणार, ही मोट तमक्या साली बंद झाली. मला ती दुपार फार आवडली. मग १९४५ चा भोकाचा पैसा निघाला. महायुद्धात तांबं वाचवायला सरकारनं पैशाच्या मध्ये भोक पाडलं होतं, तो. आणि उन्हं कलताना, बांधाजवळ, वितीभर खोलीवर एक झिजलेली शिवराई. एका बाजूला 'छत्र' अर्धं, दुसऱ्या बाजूला 'राजा' हा शब्द बोटाला लागत होता, डोळ्याला नाही. शिवराई काही दुर्मीळ नाणं नव्हे, एकोणिसाव्या शतकातही ती इकडच्या बाजारात चालत होती. पण आबा एकदम गप्प झाले. त्यांनी ते नाणं कपाळाला लावलं.

आता यावर कोणी म्हणेल, मग छंद चांगलाच की! वरच्या वितीभर नांगरटीच्या मातीपुरतं मीही तेच म्हणेन. नांगरानं तिथले थर आधीच उलटेपालटे केलेले असतात. भीती आहे ती त्याखालची. बेळगावचंच वडगाव-माधवपूर घ्या. वर माग आणि घरं, खाली सातवाहनकाळातलं शहर. १९७० च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानं तिथे उत्खनन केलं म्हणून ते कळलं. किंवा निपाणीहून तासाभरावरची कोल्हापूरची ब्रह्मपुरी. तिथे १९४४-४५ च्या सुमारास प्राध्यापक कुंदणगार यांच्यामुळे तांब्या-पितळेच्या वस्तूंचा साठा उजेडात आला. (कुंदणगार कोल्हापुरात कन्नड शिकवत, सीमाभागात हे असंच असतं.) त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्याची चिमुकली मूर्ती होती. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं आणि पंचगंगेकाठच्या त्या वस्तीचे थर उलगडले. त्यामुळे आज आपण म्हणू शकतो की सातवाहनकाळी कोल्हापूरचा रोमन जगाशी व्यापारी संबंध होता. हीच मूर्ती कोणी रात्री उकरून मुंबईच्या दुकानात नेली असती, तर ती 'कुठलीतरी परदेशी मूर्ती' राहिली असती. आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे, गेलात तर जरूर पाहा.

आणि रात्री उकरणारे काही कमी नाहीत. सीमाभागात फिरताना नंदी फोडलेली, गाभाऱ्याची फरशी उखडलेली ओसाड देवळं मी पाहिली आहेत. गुप्तधनाच्या नादानं माणसाचा बळी देण्यापर्यंत मजल जाते, म्हणून तर महाराष्ट्राला २०१३ साली आणि कर्नाटकाला २०१७ साली त्याविरुद्ध कायदे करावे लागले. अशा टोळीच्या हाती हे यंत्र म्हणजे पायाळूला बॅटरी लावण्यासारखं आहे.

इंग्लंडात त्यांनी वेगळी वाट काढली. १९९६ चा निधी कायदा आणि १९९७ पासून गावोगावच्या शोधांची नोंद ठेवणारी योजना. हौशी माणूस सापडलेलं बक्कल घेऊन नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो, तो जागा नकाशावर टिपतो, फोटो काढतो आणि बहुतेक वेळा वस्तू परत देतो. २००९ साली स्टॅफर्डशायरच्या एका शेतात टेरी हर्बर्ट या हौशी माणसाला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा सापडला. तो मुशीत गेला नाही, कारण कळवलं तर बाजारभावानं पैसे मिळतात हे त्याला माहीत होतं. आपल्याकडे १९५८ च्या कायद्यानं संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीवाचून खणता येत नाही, १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीची वस्तू परदेशी नेता येत नाही. दोन्ही कायदे हवेतच. पण दोन्ही 'करू नका' सांगतात. प्रामाणिक माणसानं सापडलेलं घेऊन जायचं कुठे?

भाच्यानं ते करून पाहिलं. मीच आग्रह धरला होता. शिवराई पाकिटात घातली, वर सर्व्हे नंबर, बांधापासूनचं अंतर, खोली आणि तारीख लिहिली, आणि अर्ज घेऊन तो एका सरकारी कचेरीत गेला. पहिल्या टेबलावर विचारलं, "चोरीचं आहे काय?" दुसऱ्यावर सांगितलं, साहेब नाहीत. तिसऱ्यावरच्या वयस्क कारकुनानं नाणं पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं, आणि म्हणाला, असल्या नोंदीचं रजिस्टर आमच्याकडे नाही, पण अर्ज घेतो. नाणं मात्र ठेवून घेतलं नाही, हरवलं तर जबाबदारी कोणाची म्हणून.

तीन फेऱ्यांनंतर अर्जाच्या प्रतीवर पोच मिळाली. कन्नडमध्ये आहे, 'हळेय नाण्य, ओंदु'. जुनं नाणं, एक. नाणं आणि नाण्य, दोन्ही शब्द संस्कृतातल्या नाणकावरून आलेले. ती पोच आणि ते पाकीट आबांनी सातबाऱ्याच्या जुन्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवलं आहे. संग्रहालयातून कोणी विचारायला आलंच तर दाखवायचं म्हणून. किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला आहे.