दादाची गाडी कोणत्या सालची?

यंदा गोल बाजारच्या आपल्या गणपतीच्या आराशीत जुन्या वस्तूंचा एक कोपरा करायचे ठरले, तेव्हा माझ्या आत्याकडची खेळण्यातली आगगाडी आणण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. तात्यापारा-बुढापाऱ्यातल्या जुन्या मंडळींना ती गाडी आठवत असेल. आमच्या घरच्या गणपतीपुढे, चौरंगाभोवती, ती किल्लीवर गरगर फिरायची. घरात तिचे नाव 'दादाची गाडी'. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, मी कधी न पाहिलेला माझा काका. १९४६ च्या पावसाळ्यात तो विषमज्वराने गेला. तेव्हा त्याला नववे वर्ष होते.

समितीने वस्तूजवळ ठेवायला पाटी मागितली. वस्तू काय, कोणाची, कोणत्या सालची. पहिल्या दोन ओळी लगेच झाल्या. तिसरीपाशी मी अडलो.

खऱ्या इंजिनाचे साल काढणे त्या मानाने सोपे. त्याच्या अंगावर कारखान्याची पितळी पाटी असते, तिच्यावर बनावटीचा क्रमांक आणि बहुधा सालही कोरलेले असते. नागपूरला मोतीबागेत २००२ साली नॅरोगेजचे संग्रहालय उघडले. तिथे ही जुनी इंजिने जवळून पाहता येतात. आपल्या रायपूर-धमतरी लाइनीचे रूळही त्याच अडीच फुटी मापाचे. १९०० साली सुरू झालेली ती गाडी २०१७ मध्ये शहरातून हटली आणि तिच्या जागेवरून आता रुंद रस्ता जातो, हे वाचकांना सांगायला नको.

खेळण्याला मात्र अशी पाटी नसते. तिथे वेगळा हिशेब मांडावा लागतो, आणि तो मी आजोबांच्या कंदिलावरून शिकलो. आजोबा बी. एन. आर. मध्ये मालधक्क्यावर कारकून होते. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ ची. १९४४ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली आणि १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत विलीन झाली. म्हणजे ज्या कंदिलावर 'बी. एन. आर.' कोरले आहे तो १८८७ च्या आधीचा असू शकत नाही, हे पक्के. १९५२ नंतरचा नसावा, हे मात्र तितके पक्के नाही. शिल्लक साचे चालू राहतात, आणि हल्ली तर जुन्या अक्षरांचा नवा पितळी मालही निघतो. (बाजारात कोणी असा कंदील 'साहेबाच्या वेळचा' म्हणून दाखवला, तर आधी तळ पाहावा. झीज हाताने धरायच्या जागी आहे की सगळीकडे सारखी आहे, ते बघावे.) थोडक्यात, अक्षरे 'याच्या आधी नाही' एवढे खात्रीने सांगतात. 'याच्या नंतर नाही' हे सहसा सांगत नाहीत.

आता गाडीकडे. पुण्याला कोथरूड भागात भाऊसाहेब जोशींचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे, १९९८ साली उघडलेले. तिथल्या गाड्या पाहिल्या तेव्हा आमची गाडी किती धिप्पाड आहे हे कळले. तिथले रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, आमचे बत्तीस. रुळांची अशी ठरावीक मापे जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडली. बत्तीस मिलिमीटरचे माप पुढे कितीतरी वर्षे घराघरांत चालले. त्याच्या निम्मे माप मेर्क्लिनने १९३५ मध्ये आणि इंग्लंडच्या हॉर्नबीने १९३८ मध्ये बाजारात आणले, पण म्हणून मोठे माप लगेच बंद पडले नाही. मापाने आमचे काम भागले नाही, एवढेच.

मग छाप पाहिली. तिथे 'जी. बी. एन.' असते तर ते न्युरेम्बर्गच्या बिंग बंधूंचे इंजिन ठरले असते, म्हणजे साधारण पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंतचे. पुढे त्यांची छाप 'बी. डब्ल्यू.' झाली आणि १९३० नंतर थोड्याच वर्षांत ती कंपनीही बुडाली. आमच्या इंजिनावर 'हॉर्नबी' निघाले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने, म्हणजे मेकॅनोवाल्याने, १९२० मध्ये गाड्या काढायला सुरुवात केली. इथवर सगळे दादाच्या बाजूने होते.

घोळ केला तो टेंडरने. इंजिन हिरवे, आणि मागच्या टेंडरवर चाकावर उभा असलेला एक सिंह. इतकी वर्षे आम्ही त्याला शोभेचे चित्र समजत होतो. १९२३ मध्ये इंग्लंडातल्या बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत गोळा झाल्या. १ जानेवारी १९४८ ला त्या चारही सरकारजमा होऊन ब्रिटिश रेल्वे झाली, आणि तो सिंह तिच्या अंगावर आला १९४९ मध्ये. खऱ्या रेल्वेने १९५६ मध्ये सिंहाचे चित्र बदलले, खेळण्यांवर ते केव्हा बदलले हा प्रश्न वेगळा. पण १९४९ च्या आधी तो सिंह टेंडरवर बसणे शक्यच नाही. आणि दादा गेला १९४६ मध्ये.

दोन दिवस मी गप्प राहिलो. आत्या आज शहाऐंशी वर्षांची आहे. दर गणपतीत ती स्वतः त्या इंजिनाला मऊ फडक्याने पुसते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. एक पाटी लिहायची म्हणून तिला हे सांगावे का? घरच्यांचे मत पडले, "काय अडलंय? १९४० लिही आणि मोकळा हो." ते मला जमेना. शेवटी खोकेच उचलून तिच्याकडे गेलो आणि नुसते विचारले, "आत्या, ही गाडी आधीपासून हिरवीच होती का गं?"

"नाही रे, लाल होती," ती पटकन म्हणाली. मग थांबली. "दादा गेल्यावर आईने ती दिसू दिली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी बाबा मुंबईहून आले, त्या गणपतीत पुन्हा निघाली. हिरवी. मला वाटलं, तिकडून रंगवून आणली. मोठी झाले तरी कधी विचारलं नाही." थोड्या वेळाने खोक्यात हात घालून तिने तळाचा मोडका डबा काढला. "हा मात्र दादाचाच. मी यात चिंचोके भरायची, तो ओरडायचा."

तो डबा आम्ही कधी जोडतच नव्हतो, कारण त्याची चाके फिरत नाहीत. त्यावर 'एल. एम. एस.' ही अक्षरे आहेत, वरच्या चार कंपन्यांपैकी एकीची. म्हणजे १९२३ नंतरचा. पण अक्षरांवर विसंबता येत नाही, कारण लढाईनंतरही काही वर्षे हॉर्नबीने त्याच अक्षरांचा माल विकला. मी भिंग लावून चाके पाहिली. ओतीव धातू फुगून बारीक बारीक तडकला आहे. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा थोडा जरी अंश गेला, तर वर्षानुवर्षे तो आतून असा फुटत राहतो. लढाईपूर्वीच्या ओतीव भागांत हा दोष फार आढळतो, पुढे शुद्ध जस्त वापरू लागल्यावर तो कमी झाला. कोर्टात टिकेल असा हा पुरावा नव्हे. पण आत्याचे चिंचोके आणि ही तडकलेली चाके एकाच दिशेला बोट दाखवतात.

लाल इंजिनाचे पुढे काय झाले, ते आजी-आजोबांबरोबर गेले.

पाट्या आता दोन झाल्या आहेत. इंजिनापुढे 'हॉर्नबी, १९४९ नंतरचे, आजोबांनी आणलेले'. डब्यापुढे 'हॉर्नबी, बहुधा १९३९ पूर्वीचा, दादाचा'. मांडणी आत्यानेच सांगितली. इंजिन आराशीत नेहमीसारखे फिरेल. डबा फिरत नाही, तर तो मूर्तीच्या पायाशी उंदराजवळ ठेवायचा, आणि त्यात थोडे चिंचोके घालायचे.