ड्रॅक्युलाचा गृहप्रवेश

ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील रक्तपिपासु सरदार वाचकास प्रत्यक्ष असा फारच थोडा भेटतो. ट्रान्सिल्व्हानियांतील त्याच्या गढींत घडणारीं पहिलीं चार प्रकरणें सोडलीं, तर पुढें तो इतरांच्या रोजनिश्यांतून, पत्रांतून, तारांतून, फार काय फोनोग्राफांत बोलून ठेवलेल्या टिपणांतून कळतो. आमच्या वेताळाप्रमाणें तो कोडीं घालीत बसत नाहीं. तो दूर राहतो, आणि दूर राहिल्यानेंच त्याचें भय वाढतें.

रंगभूमीस हें दूर राहणें परवडणारें नव्हतें. १९२४ सालीं हॅमिल्टन डीन यानें डर्बी येथें या कादंबरीचें नाटक केलें आणि सरदारास दिवाणखान्यांत आणून बसविलें. त्याचा सभ्य गृहस्थाचा रात्रीचा पोशाख कादंबरींतला नव्हे, नाटकांतला. बेला लुगोसीचा १९३१ चा बोलपट याच नाटकावर उभारलेला. त्यांत गढीवर जातो तो हार्कर नव्हे, रेनफील्ड. १९५८ च्या इंग्लिश चित्रपटानें तर सरदाराचा समुद्रप्रवासच गाळला. लुगोसी किंवा क्रिस्टोफर ली यांची करामत आम्ही नाकारीत नाहीं. पण कादंबरी न वाचतांच ती आपणांस ठाऊक आहे असा समज जगभर पसरला, तो या कृतींमुळेंच. आणि एखाद्या ग्रंथावर त्याच्या कीर्तीनेंच केलेला याहून मोठा अन्याय आम्हांस ठाऊक नाहीं.

बी. बी. सी. नें २२ डिसेंबर १९७७ रोजीं दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या 'काउंट ड्रॅक्युला'चें महत्त्व येथें आहे. नाताळांत भुताखेतांच्या गोष्टी सांगण्याची चाल इंग्लंडांत जुनी आहे; तेव्हां मुहूर्त योग्यच होता. जेराल्ड सेव्हरी यांनीं पटकथा लिहितांना नाटक बाजूस ठेवून पुस्तक हातीं घेतलें. दिग्दर्शक फिलिप सॅव्हिल यांस सुमारें अडीच तासांचा अवकाश मिळाला, आणि चित्रणासाठीं मंडळी खुद्द व्हिटबीस गेली. स्टोकर १८९० मध्यें याच बंदरीं राहिला होता. 'ड्रॅक्युला' हें नांव त्यास तेथील ग्रंथालयांतल्या एका पुस्तकांत सांपडलें, आणि १८८५ मध्यें तेथें किनाऱ्यास लागलेल्या एका रशियन गलबतावरून त्यानें आपलें गलबत रचलें. स्थळ खरें असलें म्हणजे भुतासही बळ येतें. गढीच्या भिंतीवरून सरदार डोकें खालीं करून पालीसारखा उतरतो, तीन स्त्रियांपुढें पोतडींतलें मूल टाकतो. पूर्वीच्यांनीं टाळलेले हे प्रसंग येथें निर्भयपणें दाखविले आहेत. शिवाय आंतल्या कोणी बोलावल्यावांचून या पिशाचास घरांत शिरतां येत नाहीं, असा कादंबरींतला नियम आहे. नाटक पाहावयास लोक घराबाहेर गेले होते. या वेळीं त्यांनीं स्वतःच कळ दाबून त्यास आंत घेतलें.

दोष नाहींत असें नव्हे. मीना व लूसी या मैत्रिणींस बहिणी केलें आहे आणि लूसीच्या दोन प्रणयार्थींचा एकच पुरुष बनविला आहे. हें खपून जातें. प्रकाशाच्या जागीं छाया व छायेच्या जागीं प्रकाश दाखविण्याची यांत्रिक हिकमत मात्र आज केविलवाणी दिसते. लुई जूर्दां या फ्रेंच नटाचा मृदुभाषी सरदार आम्हांस लुगोसीहून अधिक भयंकर वाटला. परंतु मूळचा पांढऱ्या मिशांचा म्हातारा रक्त पिऊन तरुण होत जातो, ती कल्पना येथेंही सोडलीच आहे.