मुंडण आणि मुंडासे

मनुष्याच्या मस्तकावरील केस हे निसर्गाने दिलेले पहिले छत्र होय. ते वस्तऱ्याने उतरले किंवा वयोमानाने गळाले, म्हणजे उन्हाचा मारा थेट कातडीवर होतो. असे असूनही महाराष्ट्रातील पुरुषवर्ग कित्येक पिढ्या शेंडीपुरते केस राखून बाकीचे डोके गुळगुळीत करून घेत असे. या उघड्या मस्तकाचे उन्हापासून रक्षण कसे होई, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

वऱ्हाडाचे पयनघाट आणि बालाघाट असे दोन भाग पूर्वापार मानले जातात. अकोला, शेगाव ही गावे खालच्या सखल प्रदेशात, तर बुलढाणा जिल्ह्यातील चिखली ही घाटावर. खाली वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घाटावर वाऱ्यामुळे काहीसा दिलासा मिळतो. परंतु हा दिलासा फसवा होय. कातडी भाजणारे अतिनील किरण हवेच्या उष्णतेवर अवलंबून नसतात. वारा गार लागला तरी त्यांचे कार्य चालूच राहते. घाटावरच्या काळ्या रानात दिवसभर वखर हाकणाऱ्या शेतकऱ्यास हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण उपाय ठाऊक होता. तो उपाय म्हणजे मुंडासे.

सुती कापडाचे वेढ्यावर वेढे बसले, की त्यांच्यामध्ये हवा कोंडून राहते व बाहेरची उष्णता आत सहज शिरत नाही. कापड घाम शोषून घेते, आणि तो घाम सुकताना डोक्यास गारवा देतो. मागे सोडलेला शेमला मानेवर सावली धरतो. शिवाय मुंडासे रोज सोडावयाचे व रोज बांधावयाचे, त्यामुळे ते धुता येई. प्रसंगी त्याची चुंबळ होई, अंथरूण होई, विहिरीवर दोरालाही जोड मिळे. पागोट्यात कांदा ठेवला असता ऊन बाधत नाही अशीही समजूत होती. मात्र खरे रक्षण कांद्याचे नसून कापडाचे होते. शहरातील पगडीची गोष्ट निराळी. ती पगडबंदाने एकदाच घडवून दिलेली असे. तिच्यात प्रतिष्ठा पुष्कळ, पण मान उघडीच राही.

इंग्रज अधिकाऱ्यांनाही हिंदुस्थानच्या उन्हाचे मोठे भय वाटे. पाणथळ जागी वाढणाऱ्या सोला नावाच्या झाडाच्या हलक्या भेंडापासून केलेली टोपी घातल्यावाचून ते बाहेर पडत नसत. पुढे १९२० च्या सुमारास गांधी टोपी आली. पागोट्यास लागणारे लांबलचक कापड वाचले, आणि देशभक्तीची खूण माथ्यावर चढली. परंतु कान व मान यांची सावली गेली. त्याच काळात शिकलेले तरुण केस राखू लागले होते, म्हणून ही उणीव फारशी कोणास जाणवली नाही.

येथवर जे वर्णन झाले, ते पुरुषांच्या मस्तकाचे. मुंडण मात्र दोघांच्या वाट्यास होते. पिता निवर्तला म्हणजे पुत्राने क्षौर करावे, आणि तेराव्याच्या सुमारास आप्तस्वकीयांनी त्याच्या डोक्यास पागोटे बांधावे, अशी रीत होती. म्हणजे पुत्राचे उघडे मस्तक पंधरवड्याच्या आत समारंभपूर्वक झाकले जाई. ब्राह्मणादी जातींत त्याच मृत्यूने विधवा झालेल्या मातेचेही केशवपन होई. पण तिला पागोटे बांधावयास कोणी येत नसे. तिचे केस पुन्हा वाढूही देत नसत. तांबड्या अलवणाचा एकेरी पदर, एवढेच तिचे आयुष्यभराचे छत्र. नदीवरचे धुणे आणि अंगणातील वाळवण तिने त्याच पदराखाली उरकावे.

चिखलीच्या शेजारच्या बुलढाण्यातील ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली पुण्यात छापलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकात नेमक्या याच विषमतेवर बोट ठेवले. बायको मेली म्हणून पुरुषास विद्रूप करीत नाहीत, मग नवरा मेला म्हणून स्त्रीसच का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पुढे १८९० मध्ये, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने, मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यास वस्तरा न लावण्याचा निश्चय केला. ज्यांच्या हाती वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवावा, ही सुधारणेच्या इतिहासातील थोर घटना होय. रूढी एका दिवसात मोडली नाही, पण तिचा पाया हलला.

याच बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे माहेर. त्यांचे पुत्र १६७४ साली छत्रपती झाले. मस्तकावर छत्र असणे हे राजचिन्ह मानले गेले, यातच सावली ही मानाची वस्तू होती हे उघड आहे. आज वैद्यकशास्त्र टक्कल पडलेल्यास वा मुंडण केलेल्यास सांगते, की रुंद काठाची टोपी किंवा जाड सुती कापड वापरा, कान व मान झाका, भर दुपारचे ऊन टाळा. मुंडाशाने हे सारे पूर्वीच साधले होते. न साधले ते एवढेच, की सावलीचा हक्क सर्वांस सारखा मिळाला नाही. आज वऱ्हाडात कपाशी वेचणाऱ्या स्त्रिया लुगड्यावर पुरुषी सदरा चढवून डोक्यास घट्ट रुमाल बांधतात. तो रुमाल त्यांना कोणी समारंभाने बांधलेला नसतो. त्यांनी तो आपल्या हातांनी बांधलेला असतो.