काळा धागा आणि त्याचे शेजारी

आज मी तुम्हाला एका तक्रारीची हकीकत सांगणार आहे. तक्रार जुनी आहे, १८२०च्या दशकातली, आणि तीही पॅरिसमधली. पण कापड आणि रंग यांच्याशी संबंध कुणाचा येत नाही? म्हणून ती तुम्हाला परकी वाटणार नाही. 'आमचा काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही', एवढीच ती तक्रार होती.

पॅरिसमध्ये 'गोबलँ' नावाचा एक प्रसिद्ध कारखाना आहे. गोबलँ हे मुळात पंधराव्या शतकातलं एक रंगारी घराणं. बिएव्र नावाच्या लहानशा नदीकाठी त्यांची रंगशाळा होती. पुढे १६६२ साली चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने ती जागा राजासाठी घेतली आणि तिथे टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायचे चित्रपट, विणण्याचा राजेशाही कारखाना उभा राहिला. १८२४ साली या कारखान्याच्या रंगविभागावर मिशेल यूजेन शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. चरबी आणि साबण यांवरच्या संशोधनामुळे त्याचं नाव झालेलं होतं. कापडाचा तो कलावंत नव्हता, विणकरही नव्हता.

तो कामावर रुजू झाला तेव्हा तक्रारींचा गठ्ठाच पुढे आला. फिके निळे, जांभळे, करडे, तपकिरी रंग टिकत नाहीत, अशी एक तक्रार होती. शेव्रलने तपासलं आणि ती बरीचशी खरी निघाली. दुसरी तक्रार काळ्याची. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांत सावली दाखवण्यासाठी काळी लोकर वापरत. ती तिथे निस्तेज दिसे. साहजिकच बोट रंगाऱ्याकडे. शेव्रलने इतर नामांकित ठिकाणी रंगवलेली काळी लोकर मागवली आणि शेजारी ठेवून पाहिली. गोबलँचा काळा कुठेही कमी नव्हता. दोष कढईत नव्हता आणि रंगाऱ्याच्या हातातही नव्हता. मग तो होता कुठे?

तो होता शेजारात. निळ्याकडे टक लावून पाहिलं की डोळा आपोआप त्याचा विरुद्ध रंग, म्हणजे नारिंगी, तयार करतो आणि शेजारच्या रंगावर त्याची झाक चढवतो. काळ्यावर अशी नारिंगी झाक चढली की तो काळा पांगळा होतो. शेव्रलने या विषयावर पुढे वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८३९ साली रंगांच्या एकाच वेळी जाणवणाऱ्या विरोधाच्या नियमावर जाडजूड ग्रंथ लिहिला. सोप्या मराठीत सांगायचं तर त्याचा सारांश असा: रंग एकटा कधीच दिसत नाही, तो शेजाऱ्यासकट दिसतो.

या ग्रंथातला एक प्रसंग मला फार आवडतो. काही कापड व्यापाऱ्यांनी लाल, जांभळं आणि निळं कापड छपाईवाल्यांकडे दिलं आणि त्यावर काळी नक्षी छापून मागितली. माल हाती आल्यावर ते बिघडले. लाल कापडावरची नक्षी हिरवट दिसते, जांभळ्यावरची हिरवट पिवळी, निळ्यावरची तांबूस. आम्ही काळा सांगितला होता, असं त्यांचं म्हणणं. आता छापणाऱ्याने काय करावं? त्याची मजुरी आणि अब्रू दोन्ही टांगणीला. शेव्रलने पांढरा कागद घेतला, कातरून नक्षीभोवतीची सगळी जमीन त्याने झाकली आणि फक्त नक्षी उघडी ठेवली. नक्षी स्वच्छ काळी होती. कागदाच्या एका तुकड्याने कारागिराची बाजू सिद्ध झाली.

मी स्वतः हातमागावर टॅपेस्ट्री विणते, त्यामुळे या गोष्टीकडे मी रंगशास्त्रापेक्षा मागाच्या बाजूने पाहते. चित्रकाराला रंग कालवता येतात. निळ्यात थोडा पांढरा, थोडा पिवळा, झालं. विणणाऱ्याला ती सोय नाही. टॅपेस्ट्रीत बाणा ठोकून इतका घट्ट बसवतात की ताणा पूर्ण झाकला जातो. दिसतो तो फक्त बाण्याचा रंग. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी. जी लोकर रंगवून आली तीच वापरायची. त्यात गोबलँचा विणकर बसतो कापडाच्या उलट्या बाजूला. सुलट बाजू त्याला समोर ठेवलेल्या आरशात दिसते. अशा माणसाला रंगाचा मेळ साधायचा तर तो दोनच गोष्टींवर साधतो. कोणता रंग कोणाशेजारी ठेवायचा ही एक. आणि कोणता रंग किती उजळ, किती गडद ही दुसरी.

या दुसऱ्या गोष्टीला कलाशाळांत 'व्हॅल्यू' किंवा रंगाचं मूल्य म्हणतात. मी उजळ-गडदाची पायरी म्हणते. लाल, हिरवा, निळा ही रंगांची नावं झाली. पण गडद लाल आणि गडद हिरवा एकाच पायरीवर असतील तर दहा फुटांवरून त्यांच्यातली हद्द पुसट होते. कितीही महागडी लोकर वापरा, आकृती उठत नाही. उलट एकाच निळ्याच्या तीन पायऱ्या शेजारी लावा, घडी उठून दिसते. शेव्रलने हेही मांडलं होतं. फिकी आणि गडद करडी पट्टी एकमेकींना चिकटवल्या की जिथे त्या भेटतात तिथे फिकी अधिक फिकी आणि गडद अधिक गडद भासते. रंगाचा विरोध वेगळा आणि उजेडाचा विरोध वेगळा, हे त्याने स्पष्ट केलं. पुढे त्याने ७२ रंगांचं वर्तुळ आखलं आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २० पायऱ्यांचा जिना कल्पिला. त्याचा ग्रंथ चित्रकारांनी वाचला; ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र रंगवणाऱ्या स्यराने त्यातून बरंच घेतलं. म्हणजे विणकरांच्या कारखान्यातली तक्रार चित्रकलेच्या इतिहासात गेली.

पण मला प्रश्न पडतो तो वेगळाच. शेव्रलच्या आधी विणकरांना हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं, आणि त्याचा पुरावा शेव्रलच्याच जन्मगावी आहे. १७८६ साली तो फ्रान्समधल्या आँजे या गावी जन्मला. या गावच्या किल्ल्यात चौदाव्या शतकातली एक प्रचंड टॅपेस्ट्री आहे. आँजूच्या सरदाराने ती १३७०च्या दशकात करवून घेतली. बायबलमधल्या अखेरच्या ग्रंथातली, जगाच्या अंताची दृश्यं तिच्यावर आहेत. आजही शंभर मीटरच्या आसपास लांबीचा भाग शिल्लक आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिचे तुकडे झाले. कुणी ते जमिनीवर अंथरले, कुणी थंडीत संत्र्याच्या झाडांवर पांघरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एका धर्मोपदेशकाने हे तुकडे गोळा केले, म्हणून ती वाचली.

या टॅपेस्ट्रीत रंग मोजकेच आहेत. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीचा लाल, नीळ देणाऱ्या पाल्याचा निळा, एका रानरोपाचा पिवळा आणि त्यांच्या मिश्रणातून निघालेले आणखी काही. दृश्यांची जमीन आळीपाळीने लाल आणि निळी, त्यामुळे लांबूनही एक दृश्य कुठे संपलं ते कळतं. आणि दोन छटांच्या मधे तिसरी हवी असेल तर विणकर ती रंगवून मागत नाही. दोन्ही छटांच्या रेघा तो करवतीच्या दात्यांसारख्या एकमेकींत घुसवतो. जवळून पाहिलं तर नुसते दाते. लांबून डोळाच मधली छटा तयार करतो.

हे शहाणपण नंतर मागे पडलं, आणि त्याला कारण मानपानाचं आहे. १७३०च्या दशकात गोबलँच्या कामावर ऊद्री नावाच्या चित्रकाराची देखरेख आली. त्याचं म्हणणं, विणकराने चित्राची हुबेहूब नक्कल करावी. विणकरांचं म्हणणं, लोकरीचा रंग वेगळा, तैलरंग वेगळा; आमची रंगयोजना आम्हाला ठरवू द्या. भांडण झालं आणि वजन चित्रकाराचं पडलं. मग नकलेसाठी नाजूक छटा लागू लागल्या, त्यांची संख्या वाढत गेली, आणि नाजूक छटाच उन्हात सगळ्यात आधी उडाल्या. शेव्रलपुढे आलेली फिक्या रंगांची तक्रार कुठून आली असेल, याचा अंदाज आता येतो. हुकूम एकाचा, आणि जाब विचारायचा रंगाऱ्याला!

हे चक्र उलटं फिरवलं ज्याँ ल्युर्सा या चित्रकाराने. त्याचा जन्म १८९२चा. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याने आँजेची टॅपेस्ट्री पाहिली आणि आधी चित्रकार असलेला हा माणूस नव्याने शिकायला बसला. मध्य फ्रान्समधलं ओब्युसाँ हे विणकरांचं जुनं गाव. तिथल्या ताबार यांच्या कारखान्यात त्याने विणकरांबरोबर काम केलं. त्याने रंगांची संख्या एकदम खाली आणली, वीण जाड केली, आणि महत्त्वाचं म्हणजे विणकराला रंगवलेलं चित्र देणं थांबवलं. तो कागदावर रेषांनी आकार काढी आणि प्रत्येक भागात आकडा लिही. आकडा म्हणजे ठरलेल्या लोकरीचा रंग. आता नक्कल करायला चित्रच उरलं नाही. रंग पहिल्यांदा दिसणार तो मागावरच. अशा पद्धतीत उजळ-गडदाची पायरी आधी डोक्यात पक्की नसेल तर काम कोसळतं.

१९५७ साली त्याने आपलं सर्वांत मोठं काम सुरू केलं, 'विश्वाचं गाणं' अशा अर्थाचं. जमीन काळी. तिच्यावर अणुबाँबची छाया आहे, हिरोशिमाचा माणूस आहे, आणि पुढे शांततेत उभा असलेला माणूसही आहे. १९६६ साली तो गेला तेव्हा हे काम पुरतं संपलेलं नव्हतं. आज ही मालिका आँजेतच, एका जुन्या रुग्णालयाच्या दालनात टांगलेली आहे. शेजारी निळा आला की दुबळा होणारा तोच काळा इथे उजळ पिवळ्या-लाल आकारांशेजारी अथांग दिसतो.

आपल्याकडे याचं नातं जुळतं ते पैठणीशी. पैठणीचा पदर आणि काठ याच जातीच्या विणीने होतात: प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, आणि हद्दीवर धाग्यात धागा अडकवून वळवायचा. पदराची जरीची जमीन उजळ. तिच्यावर फिका पिवळा पोपट हरवेल. गडद हिरवा उठून दिसतो. येवल्या-पैठणच्या विणकरांना हे कुणी ग्रंथातून शिकवलेलं नाही.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना म्हणूनच मी पहिले काही दिवस रंग देत नाही. पांढरी, काळी आणि मधली तीन करडी अशी लोकर देते आणि एक पान विणायला सांगते. नंतर त्याच पायऱ्यांचे रंग. विणून झालं की दिवेलागणीच्या वेळी, दिवा न लावता ते पाहायचं. संधिप्रकाशात रंगांची नावं विरघळतात आणि पायऱ्या तेवढ्या उरतात. त्या उजेडात पान दिसलं तर ते दुपारीही दिसेल.

तुमच्यापैकी पुष्कळजणी मॅचिंगच्या दुकानात साडी पिशवीत घालून नेतात. ब्लाउजपीस साडीवर टाकतात, दाराच्या उजेडात जाऊन पाहतात आणि मगच फाडायला सांगतात. दुकानदार कंटाळतो, पण तुम्ही करता ते अगदी बरोबर आहे. रंग शेजाऱ्यासकट पाहावा, हे शेव्रलला सिद्ध करायला वर्षं लागली. आणि पुढच्या वेळी घरी आणलेल्या कापडाचा रंग वेगळा वाटला, तर रंगाऱ्याला बोल लावण्याआधी शेजारी काय ठेवलंय तेवढं बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)