पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिराची वाटचाल

धर्मांधतेशी वर्ध्याचा सामना जुना आहे. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले, तेव्हा सनातन्यांनी कडवा विरोध केला. वर्ध्याचा सत्याग्रहाश्रम त्या काळी विनोबा भावे चालवत होते. १९३८ मध्ये प्रकृती ढासळल्याने ते वर्ध्याजवळच्या पवनारला, धाम नदीकाठच्या बजाजांच्या बंगल्यात राहायला आले आणि परंधाम आश्रम आकाराला आला. व्यायाम म्हणून जमीन खणताना भरत-राम भेटीचे शिल्प सापडले. त्याची तेथेच प्रतिष्ठापना झाली. पुढे येथे पैशाविना शेतीचा कांचनमुक्तीचा प्रयोग झाला. आश्रमवासी बैलांऐवजी स्वतः रहाट ओढत.

पुढे भूमिहीनांसाठी जमीन मागत विनोबांनी काढलेल्या भूदानयात्रेत खरी कसोटी लागली. सप्टेंबर १९५३ मध्ये तेव्हाच्या बिहारमधील देवघर येथे दलितांसह वैद्यनाथाच्या दर्शनाला गेलेल्या विनोबांवर व सोबत्यांवर हल्ला झाला. फटका वर्मी बसून विनोबांचा एक कान कायमचा अधू झाला. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, असेच त्यांनी सांगितले. १९५५ मध्ये जगन्नाथपुरीला सोबतच्या फ्रेंच भगिनीला मज्जाव होताच तेही दर्शन न घेता परतले. मे १९५८ मध्ये मात्र पंढरपूरच्या विठ्ठलाने सर्वधर्मीय यात्रेकरूंसह त्यांना जवळ घेतले.

या अनुभवांनंतर, २५ मार्च १९५९ रोजी, पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले. ब्रह्मचर्य आणि अध्यात्मसाधना हा केवळ पुरुषांचा अधिकार मानणाऱ्या परंपरेत स्त्रियांनी चालवलेला आश्रम उभा करणे सोपे नव्हते. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या भगिनींनी शेती, सफाई, स्वयंपाक आणि छपाई स्वतःच्या हाती घेतली. ‘मैत्री’ मासिकही चालवले.

आश्रमाची शिस्त कडक आहे, पण ती स्वेच्छेने पत्करलेली आहे. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वानुमतीने होतात. एकीचेही मन वळले नाही, तर विषय पुढे ढकलला जातो. निष्ठा आणि धर्मांधता यांतला फरक येथे रोजच्या व्यवहारात दिसतो. विष्णुसहस्रनामाचा पाठ करणाऱ्या याच परिवाराचे प्रणेते विनोबा यांनी ‘कुराणसार’ही सिद्ध केले, यात येथे कोणालाच विसंगती वाटली नाही.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी पवनारलाच देह ठेवला. त्यांच्यामागे कोणी गादीवर बसले नाही. आश्रमाचा कारभार भगिनींनी सामूहिकपणेच पुढे चालवला.